राष्ट्रीय सरासरी आणि जिल्ह्यांचे वास्तव : २००८-०९ च्या मंदीतील प्रादेशिक रोजगार

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



भारतीय अर्थव्यवस्थेच्या अलीकडच्या इतिहासात २००८-०९ हे वर्ष एका आकड्याने ओळखले जाते. त्यापूर्वीची सलग तीन वर्षे ९ टक्क्यांहून अधिक असलेला आर्थिक वाढीचा दर त्या वर्षी ६.७ टक्क्यांवर आला. पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत हा आकडा वारंवार भेटतो. त्यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो. जगातील प्रगत राष्ट्रे मंदीच्या गर्तेत सापडली असताना भारताने ६.७ टक्क्यांचा दर राखला; म्हणजेच देशाला मंदीचा फटका सौम्य बसला. राष्ट्रीय पातळीवर पाहता या निष्कर्षात तथ्य आहे.

तथापि, त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर सुरत शहरातील वराछा आणि कतारगाम भागांत काय घडले, हे या आकड्यातून कळत नाही. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीसाठी बंद होतात आणि सौराष्ट्रातील कारागीर आपापल्या गावी जातात. २००८ साली ही सुट्टी लांबत गेली. अनेक कारखान्यांची दारे सुट्टी संपल्यावरही उघडली नाहीत. कारागिरांना कामावरून कमी केल्याचा कोणताही लेखी आदेश निघाला नाही. कारण नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारासाठी असा आदेश काढण्याची गरजच नसते. हिरा आला नाही, म्हणजे मजुरी नाही. ६.७ टक्के वाढीच्या देशात या कारागिराच्या घरची वाढ शून्याखाली गेली होती.

राष्ट्रीय मंदी देशाच्या नकाशावर समान रीतीने पसरत नाही. ती ठरावीक दारांतून आत येते, ठरावीक जिल्ह्यांत उतरते आणि तेथून परतणाऱ्या कामगारांसमवेत अशा जिल्ह्यांत पोहोचते, ज्यांचा जागतिक बाजाराशी वरवर पाहता काहीही संबंध नसतो. या प्रवासाचे स्वरूप समजून घेणे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मंदी आणि मंदगती

प्रथम संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. सलग दोन तिमाह्यांमध्ये उत्पादनात प्रत्यक्ष घट झाल्यास त्या स्थितीला ढोबळमानाने मंदी म्हटले जाते. उत्पादन वाढत असते, पण वाढीचा वेग कमी होतो, तेव्हा ती मंदगती असते. २००८-०९ मध्ये अमेरिका, जपान आणि युरोपातील बहुसंख्य देशांत मंदी होती. भारतात मंदगती होती. मराठीत बोलताना दोहोंसाठी 'मंदी' हाच शब्द वापरला जातो. परीक्षार्थींनी मात्र हा भेद ध्यानात ठेवावा.

आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. ६.७ टक्के हा दर २००४-०५ या पायाभूत वर्षाच्या मालिकेतील आहे. पुढे २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून जी मागील वर्षांची मालिका २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत २००८-०९ ची वाढ ३.१ टक्के दाखविण्यात आली. पायाभूत वर्ष आणि मोजमापाची पद्धत बदलल्यास भूतकाळाचे चित्रही बदलते. म्हणून कोणताही वाढीचा दर उद्धृत करताना त्याची मालिका सांगणे अगत्याचे ठरते.

संकट आले कोणत्या दारांनी?

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यापूर्वी उदयोन्मुख राष्ट्रांची अर्थव्यवस्था पाश्चात्त्य देशांच्या चढउतारांपासून अलग झाली आहे, असा एक मतप्रवाह बलवान होता. पुढील काही आठवड्यांत तो निराधार ठरला. भारतीय बँकांकडे अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांवर आधारलेले रोखे फारसे नव्हते. तरीही भारत संकटातून सुटला नाही, याचे कारण गेल्या दशकात झालेल्या बदलांत होते. वस्तूंच्या आयात-निर्यातीचे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण १९९७-९८ मध्ये २१.२ टक्के होते. २००७-०८ मध्ये ते ३४.७ टक्क्यांवर पोहोचले होते.

रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. डी. सुब्बाराव यांनी फेब्रुवारी २००९ मधील एका भाषणात संकटाच्या प्रसाराचे तीन मार्ग सांगितले होते : वित्तीय मार्ग, वास्तव अर्थव्यवस्थेचा मार्ग आणि विश्वासाचा मार्ग. वित्तीय मार्गाने परकीय गुंतवणूकदारांनी भांडवल काढून घेतले, परदेशांतील कर्जाचे स्रोत आटले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये बँकांमधील एका रात्रीच्या उसनवारीचा व्याजदर १० टक्क्यांच्या वर गेला. वास्तव अर्थव्यवस्थेच्या मार्गाने निर्यातीची मागणी घटली. ऑक्टोबर २००८ मध्ये निर्यात आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा कमी झाली आणि ही घसरण जवळपास वर्षभर चालू राहिली. विश्वासाच्या मार्गाने बँका कर्ज देण्यास, उद्योजक गुंतवणूक करण्यास आणि ग्राहक मोठी खरेदी करण्यास कचरू लागले.

या तीन मार्गांना भूगोल आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. देशातील ६०० हून अधिक जिल्ह्यांपैकी मोजकेच जिल्हे निर्यातीवर प्रत्यक्ष जगतात. साहजिकच पहिला आघात त्यांच्यावर झाला.

नकाशावरील मंदी

सुरत हे त्याचे ठळक उदाहरण होय. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिरे संख्येच्या दृष्टीने या एका शहराच्या परिसरात घडतात. कच्चा हिरा परदेशांतून येतो, पैलूदार हिरा परदेशी जातो. त्यांतील सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका. आरंभ आणि अंत दोन्ही देशाबाहेर असलेल्या या साखळीत भारताचा वाटा मुख्यतः कौशल्याचा आणि श्रमाचा आहे. अमेरिकेतील ग्राहकाने दागिन्यांची खरेदी लांबणीवर टाकताच साखळी दोन्ही टोकांनी आखडली. खाण कंपन्यांनी उत्पादन कमी केले. बोत्सवानातील हिऱ्यांच्या खाणी २००९ च्या आरंभी काही काळ बंद ठेवण्यात आल्या. मधल्या टप्प्यावरील सुरतेच्या कारागिराकडे घासण्यासाठी हिराच उरला नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूरची कथा काहीशी निराळी आहे. होजियरी कपड्यांचे हे निर्यात केंद्र असंख्य छोट्या घटकांत विभागलेले आहे. सूत विणणारा एक, रंगविणारा दुसरा, शिवणारा तिसरा, तर इस्त्री व बांधणी करणारा चौथा. निर्यातदाराची एक ऑर्डर रद्द झाली, तर या सर्व दुव्यांना झळ पोहोचते. तिरुप्पूरला मंदीपूर्वीच एक धक्का बसलेला होता. २००७ च्या अखेरीस एका डॉलरचे मूल्य सुमारे ३९ रुपयांपर्यंत उतरले होते. रुपया आणखी वधारेल या अपेक्षेने अनेक निर्यातदारांनी परकीय चलनाच्या गुंतागुंतीच्या व्यवहारांत स्वतःला बांधून घेतले. प्रत्यक्षात २००९ च्या मार्चपर्यंत डॉलर ५० रुपयांच्या आसपास गेला. एरवी घसरलेला रुपया निर्यातदाराला लाभदायक ठरतो. येथे त्याच घसरणीने अनेकांना तोट्यात लोटले. योगायोग असा की, तिरुप्पूर हा स्वतंत्र जिल्हा म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे संकटाच्या ऐन भरात अस्तित्वात आला.

उत्तर प्रदेशातील मुरादाबादचे पितळकाम आणि भदोहीचे गालिचे, हरियाणातील पानिपतचे हातमाग व गृहसजावटीचे कापड ही केंद्रेही पाश्चात्त्य घरांच्या मागणीवर अवलंबून होती. अमेरिकेत नवी घरे विकली जाईनाशी झाली, तेव्हा त्या घरांत अंथरला जाणारा गालिचाही विकला गेला नाही. गृहबांधणीतील अरिष्ट भदोहीच्या विणकरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग इतका सरळ होता.

पुणे-चाकण, जमशेदपूर, गुरगाव या वाहन उद्योगाच्या पट्ट्यांत मंदी प्रामुख्याने कर्जाच्या दाराने आली. मालमोटारी बहुतांशी कर्जावर घेतल्या जातात. बँकांनी व वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला, मालवाहतूक घटली आणि २००८-०९ मध्ये व्यापारी वाहनांची विक्री सुमारे एक-पंचमांशाने कमी झाली. कारखान्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले. मोठ्या कारखान्यांतील कायम कामगारांचे वेतन बहुधा सुरक्षित राहिले. कंत्राटी कामगार आणि सुटे भाग बनविणाऱ्या लघुउद्योगांतील मजूर मात्र प्रथम बाहेर पडले.

केरळचा अनुभव अपेक्षेपेक्षा वेगळा ठरला. २००८ च्या पाहणीनुसार या राज्यातील सुमारे २२ लक्ष लोक परदेशांत, मुख्यत्वे आखाती देशांत होते. दुबईतील बांधकामे थंडावली, तेव्हा हे लोक लोंढ्याने परततील अशी भीती व्यक्त झाली. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातील अभ्यासकांनी २००९ मध्ये परतलेल्यांची स्वतंत्र पाहणी केली. मंदीमुळे परतलेल्यांची संख्या ३७ हजार ते ६३ हजार यांच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अंदाज होता. परदेशी जाण्यासाठी घेतलेले कर्ज फेडल्याविना परत फिरण्यापेक्षा कमी वेतनावर टिकून राहणे अनेकांनी पसंत केले. भीती आणि वस्तुस्थिती यांतील अंतर केवळ प्रत्यक्ष पाहणीनेच कळू शकते, हा या अनुभवाचा धडा आहे.

राज्यांच्या पातळीवर पाहिले तर हीच विषमता दिसते. २००४-०५ च्या किमतींनुसार महाराष्ट्राच्या राज्य उत्पन्नातील वाढ २००७-०८ मध्ये सुमारे ११ टक्के होती; ती २००८-०९ मध्ये ३ टक्क्यांच्याही खाली आली. गुजरातची वाढ ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या जवळपास उतरली. त्याच वर्षी, कोसी नदीच्या भीषण पुराने ग्रासलेल्या बिहारची वाढ मात्र दोन अंकी होती. जागतिक बाजाराशी अधिक जोडलेली, औद्योगिकदृष्ट्या पुढारलेली राज्ये अधिक घसरली. एकाच देशात, एकाच वर्षी ही तीन चित्रे होती, ६.७ टक्के हा त्यांसारख्या अनेक चित्रांचा गुणाकार-भागाकार होता.

किती रोजगार गेले?

मंदीच्या आरंभी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी कोणतीही नियमित यंत्रणा देशात नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या मोठ्या रोजगार-फेऱ्या साधारणतः पाच वर्षांनी होत असत. २००४-०५ नंतरची फेरी २००९-१० मध्ये व्हावयाची होती. म्हणून केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील श्रम ब्युरोने तातडीची पाहणी हाती घेतली. ११ राज्यांतील २० केंद्रांमधील २,५८१ घटकांची माहिती गोळा करण्यात आली. खाणकाम, वस्त्रोद्योग, धातू, रत्ने व दागिने, वाहने, बांधकाम, वाहतूक आणि माहिती तंत्रज्ञान ही आठ क्षेत्रे तीत समाविष्ट होती.

पाहणीचा निष्कर्ष असा की, या क्षेत्रांतील अंदाजित रोजगार सप्टेंबर २००८ मधील १ कोटी ६२ लक्षांवरून डिसेंबर २००८ मध्ये १ कोटी ५७ लक्षांवर आला. म्हणजे एका तिमाहीत सुमारे ५ लक्ष रोजगार गेले. रत्ने व दागिने क्षेत्रात ही घट ८.५८ टक्के, वाहतुकीत ४.०३ टक्के, तर वाहन उद्योगात २.४२ टक्के होती. वस्त्रोद्योगात ती १ टक्क्याहून कमी नोंदली गेली. याहून उद्बोधक आकडा कंत्राटी कामगारांचा आहे. वाहन उद्योगातील अंगमेहनतीची कामे करणाऱ्या कंत्राटी कामगारांत घट १२.४५ टक्के, तर वाहतुकीत १०.१८ टक्के होती. एकूण उद्योगाची घट अडीच टक्के असताना कंत्राटी मजुराची साडेबारा टक्के, यावरून मंदीचा भार कोणाच्या खांद्यावर गेला हे उघड होते.

या पाहणीचे महत्त्व मोठे आहे. तशाच तिच्या मर्यादाही. ती घटकांची, म्हणजे आस्थापनांची पाहणी होती. जो कारखान्याच्या हजेरीपटावर असतो, तो अशा पाहणीत मोजला जातो. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील असंघटित क्षेत्रविषयक राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून दाखविले होते की, देशातील सुमारे ९२ टक्के कामगार अनौपचारिक स्वरूपाच्या रोजगारात आहेत. घरात बसून नगावर काम करणारी स्त्री, नाक्यावर उभा राहणारा मजूर, कोणत्याही पटावर नाव नसलेला कारागीर यांचे काम गेले तरी आस्थापनांच्या तक्त्यात रकाना रिकामा होत नाही, कारण तो भरलेलाच नसतो.

शिवाय, पाहणी केंद्रनिहाय होती. ज्या शहरात काम गेले ते शहर तीत दिसले. कामगार ज्या गावी परतला ते गाव दिसले नाही.

परतीची वाट

सुरतेच्या कारागिराचे घर अमरेली, भावनगर, जुनागढ किंवा राजकोट जिल्ह्यातील एखाद्या गावी असते. बेभरवशाच्या पावसाच्या या प्रदेशात कोरडवाहू शेतीवर सर्व भावंडांचा निर्वाह होत नाही, म्हणूनच तरुण मुले हिऱ्याच्या घंटीवर बसण्यासाठी सुरतेला गेली. त्यांनी पाठविलेल्या पैशातून गावात विहिरी खोदल्या गेल्या, घरे पक्की झाली, बहिणींची लग्ने झाली. २००८ च्या अखेरीस हे उत्पन्न थांबले आणि पैसे पाठविणारा माणूस स्वतःच जेवणाऱ्यांच्या पंगतीत येऊन बसला. एका बाजूने आवक बंद आणि दुसऱ्या बाजूने खर्चात भर, असा दुहेरी भार ग्रामीण कुटुंबावर पडला. भाड्याची खोली सोडावी लागल्याने मुलांची शाळाही वर्षाच्या मध्यात तुटते. हे नुकसान कोणत्याच तिमाही आकडेवारीत येत नाही.

अर्थशास्त्रात शेतीचे वर्णन अनेकदा 'रोजगाराचा शेवटचा आश्रय' असे केले जाते. शहरातून परतलेला तरुण घरच्या शेतात राबू लागतो आणि पाहणीत 'रोजगारात' म्हणून नोंदला जातो. चौघांचे काम पाच जण करू लागतात. उत्पादन तेवढेच राहते. यालाच प्रच्छन्न बेरोजगारी म्हणतात. मंदीच्या काळात भारतातील बेरोजगारीचा दर फारसा वाढलेला दिसत नाही, याचे एक कारण हेच आहे. गरीब माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही. तो कमी उत्पन्नाच्या कामात सामावला जातो.

सुदैवाने या वेळी ग्रामीण भागाला काही आधार लाभले होते. फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर झाली होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळू लागली होती. हे निर्णय मंदी लक्षात घेऊन झालेले नव्हते. तथापि त्यांमुळे देशांतर्गत मागणी टिकून राहिली.

सर्वांत महत्त्वाचा आधार राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा होता. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात अनुभवलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिलेली रोजगार हमी योजना हा या कायद्याचा पूर्वसूरी होय, वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. राष्ट्रीय कायद्याची अंमलबजावणी २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे आणखी १३० जिल्ह्यांत विस्तारली आणि १ एप्रिल २००८ पासून उर्वरित सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाली. लेहमन ब्रदर्स कोसळण्यापूर्वी जेमतेम साडेपाच महिने आधी हा विस्तार पूर्ण झाला होता. २००७-०८ मध्ये या कायद्याखाली सुमारे १४४ कोटी मनुष्यदिवस रोजगार निर्माण झाला होता; २००८-०९ मध्ये तो २१६ कोटी आणि २००९-१० मध्ये २८४ कोटी मनुष्यदिवसांवर गेला. जिल्ह्यांची संख्या वाढल्याचा यात वाटा आहे, हे मान्य करूनही २००९-१० मधील वाढ लक्षणीय आहे. कारण त्या वर्षी नवे जिल्हे जोडले गेलेले नव्हते.

२००९ साली आणखी एक संकट कोसळले. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी झाला. अन्नधान्याचे उत्पादन २३.४ कोटी टनांवरून २१.८ कोटी टनांवर आले. शहरातून परतलेल्याला सामावून घेणारी शेतीच त्या वर्षी अडचणीत आली. जेथे दोन्ही आघात एकाच कुटुंबावर झाले, तेथे रोजगार हमीचे काम हे पूरक उत्पन्न नव्हते. तोच मुख्य आधार होता. मात्र दहा-पंधरा वर्षे हिऱ्याचा बारीक पैलू न्याहाळणाऱ्या कारागिराला मातीकाम हा बरोबरीचा पर्याय नव्हता, हेही तितकेच खरे. हमीने उपासमार टाळली. कौशल्य राखण्याची व्यवस्था तिच्यात नव्हती.

शासनाची उपाययोजना आणि तिची दिशा

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २००८, २ जानेवारी २००९ आणि २४ फेब्रुवारी २००९ रोजी तीन टप्प्यांत प्रोत्साहनपर उपाय जाहीर केले. पहिल्या टप्प्यात उत्पादन शुल्कात सरसकट ४ टक्के अंशांची कपात झाली आणि २०,००० कोटी रुपयांचा अतिरिक्त योजना खर्च मंजूर झाला. वस्त्रोद्योग, गालिचे, हस्तकला, चामडे, रत्ने व दागिने यांसारख्या श्रमप्रधान निर्यात क्षेत्रांना कर्जावरील व्याजात २ टक्के सवलत मिळाली. दुसऱ्या टप्प्यात शहर बससेवेसाठी बसगाड्या घेण्यास राज्यांना साहाय्य देण्यात आले. त्याचा अप्रत्यक्ष लाभ वाहन उद्योगाला झाला. तिसऱ्या टप्प्यात सेवाकर १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्यात आला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणि रोख राखीव प्रमाण ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरविले. परिणामी केंद्राची राजकोषीय तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर पोहोचली.

या उपायांनी अर्थव्यवस्था सावरली, याबद्दल दुमत नाही. तथापि त्यांची दिशा तपासणे उचित ठरेल. व्याजातील सवलत निर्यातदाराला मिळाली. ती कारागिरापर्यंत पोहोचण्यासाठी निर्यातदाराकडे ऑर्डर असणे आवश्यक होते. आणि नेमकी ऑर्डरच नव्हती. करकपातीचा लाभ वस्तू विकत घेणाऱ्याला झाला. ज्या दारातून संकट आले त्या दाराशी मदत उभी राहिली; संकट ज्या घरात जाऊन थांबले, तेथे पोहोचणारा मार्ग रोजगार हमीव्यतिरिक्त फारसा नव्हता. गुजरातमध्ये हिरा कामगारांना अन्य व्यवसायांचे प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न झाले. डिसेंबर २००८ मध्ये असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदाही संसदेने संमत केला. परंतु लाभ देण्यासाठी कामगाराची नोंद हवी, आणि नोंदणीची व्यवस्था तर अद्याप उभीच राहावयाची होती.

सावरण्याचा असमान वेग

२००९-१० मध्ये आर्थिक वाढ पुन्हा ८ टक्क्यांच्या घरात गेली. त्याच वर्षी देशाची वस्तुनिर्यात मात्र १८५ अब्ज डॉलरवरून १७९ अब्ज डॉलरवर उतरलेली होती. सरासरी बरी झाली. निर्यातीवर जगणाऱ्या गावांपैकी अनेकांची जखम ओलीच होती. हिऱ्यांची मागणी २००९ च्या उत्तरार्धात सावरू लागली, तेव्हा सुरतेत उलट अडचण उभी राहिली. गावी गेलेले कुशल कारागीर पुरेशा संख्येने परतले नव्हते. एकदा विस्कटलेली कामगारांची घडी मागणी वाढली म्हणून आपोआप पूर्ववत होत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००९-१० च्या फेरीने आणखी गंभीर बाब पुढे आणली. २००४-०५ ते २००९-१० या वेगवान वाढीच्या पाच वर्षांत एकूण रोजगारात जवळपास वाढच झालेली नव्हती. ग्रामीण स्त्रियांमधील काम करणाऱ्यांचे प्रमाण ३२.७ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर घसरले. मुलींचे वाढते शिक्षण, शेतीचे यांत्रिकीकरण, घराजवळच्या कामाचा अभाव अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. २००९-१० हे अवर्षणाचे वर्ष असल्याने २०११-१२ मध्ये पुन्हा पाहणी घेण्यात आली. तेव्हाही हे प्रमाण २४.८ टक्केच आढळले. म्हणजे घसरणीचे कारण केवळ मंदी किंवा केवळ दुष्काळ नव्हते.

२००८ ते २०२० आणि पुढे

या अनुभवातून देश काय शिकला, याची कसोटी २०२० मध्ये लागली. कोविडच्या टाळेबंदीत शहरांतील कामगार गावाकडे निघाले, तेव्हा परतीची वाट सर्व देशाला दिसली. सुरतेतील यंत्रमागांवर काम करणारे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील मजूर मोठ्या संख्येने घरी परतले. २० जून २०२० रोजी सुरू झालेल्या गरीब कल्याण रोजगार अभियानासाठी ६ राज्यांतील ११६ जिल्हे निवडण्यात आले. निवडीचा निकष होता : परतलेल्या कामगारांची संख्या २५ हजारांहून अधिक असणे. काम कोठे गेले यापेक्षा माणूस कोठे पोहोचला, हे पाहून आखलेला हा कार्यक्रम होता. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीखाली ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निर्माण झाले.

नोंदणी आणि मोजणी यांतही पावले पडली. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि त्यावर ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली. २०१७ पासून सुरू असलेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीची रचना जानेवारी २०२५ पासून बदलण्यात आली. राष्ट्रीय अंदाज दरमहा मिळू लागले आणि नमुना निवडीसाठी जिल्हा हा मूलभूत घटक मानण्यात आला. २००८ मध्ये आठ क्षेत्रांची तातडीची पाहणी करावी लागलेल्या देशाच्या दृष्टीने हा मोठा पल्ला आहे. तरीही ज्याचे नाव सुरतेत नोंदले आहे आणि ज्याचे कुटुंब अमरेलीत आहे, त्याची शिधापत्रिका, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याची सामाजिक सुरक्षा त्याच्याबरोबर प्रवास करते का, हा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही.

मित्रहो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ६.७ टक्के हा आकडा अवश्य लिहावा. त्यासोबत तो आकडा कोणत्या मालिकेतील, त्यात कोणाची मोजणी झाली आणि कोणाची राहून गेली, हेही लिहिण्याची सवय लावून घ्यावी. उद्या आपल्यापैकी काही जण जिल्हा प्रशासनात काम करतील. जागतिक मंदीची बातमी वृत्तपत्रात येईल, तेव्हा आपल्या जिल्ह्यात एकही निर्यात कारखाना नाही, म्हणून निश्चिंत राहण्याचा मोह होईल. त्या वेळी एक प्रश्न विचारावा : या जिल्ह्यातील माणसे कामासाठी कोणत्या शहरांत जातात? त्या शहरांची नावे ज्या अधिकाऱ्याला ठाऊक असतील, त्याला मंदीची चाहूल आकडेवारीच्या किमान एक तिमाही आधी लागेल, आणि परतणाऱ्या माणसाच्या हाताला काम देण्याची तयारी करण्यासाठी तेवढा अवधी मोलाचा असतो.